उघडं ठेवलेलं फाटक

मी एक जुनं लाकडी फाटक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझा स्वभाव फार चौकस आहे. एका जागी खिळून उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचं, हेच ज्याच्या नशिबी, तो चौकस नाही होणार तर काय! कोण आलं, बुटांना चिखल कुठला लागलाय, पिशवीत काय आहे, सगळं मला कळायला हवं असतं. पंचाईत एकच आहे. माणसं बोलत बोलत येतात आणि बोलत बोलतच निघून जातात. "मग काय, तिनं सरळ तोंडावर सांगितलं..." एवढं ऐकू येतं आणि बाई पुढे गेलेल्या असतात. काय सांगितलं, या विचारात माझे कित्येक दिवस गेले आहेत.

वादळात पडलेल्या एका झाडाच्या लाकडातून सुतारानं मला घडवलं. सुतार मोजकं बोलणारा होता, पण माझी तिरकी पट्टी ठोकताना मात्र त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं, "ही खालच्या बिजागरीपासून वर चढली पाहिजे. उलटी लावली तर फाटक वर्षभरात मान टाकतं." मी अजून मान टाकलेली नाही. वरच्या फळीवर शेवाळ आलं, रंगाचे पोपडे निघाले, एका खोंडानं माझा कोपरा चावून ठेवला, पण मी ताठ आहे. मालक पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणायचे, "आमच्या वडिलांच्या वेळचं आहे बरं का!" तेव्हा मला फार बरं वाटायचं.

माझ्या अलीकडे तळ्याचं लहान कुरण आहे आणि पलीकडे गुरांचं मोठं, सपाट कुरण. दोन्ही मालकांची. पण मधून जाणाऱ्या पायवाटेवर त्यांच्या वडिलांनी कधी कुणाला अडवलं नाही आणि मालकांनीही नाही. मला लावायला कडी आहे. शिवाय बाजूच्या खांबाला एक लोखंडी आकडा आहे. मला सताड उघडून त्या आकड्यात अडकवलं, की समजायचं, गुरांना पाण्यावर जाऊ द्यायचंय, हात लावू नका. हे कुठे लिहिलेलं नाही. इथली माणसं ते पाहतच मोठी होतात, त्यामुळे कुणी कुणाला सांगायचा प्रश्नच आला नव्हता.

मग वस्तीच्या टोकाचं बंद घर उघडलं आणि तिथे शहरातून बाप-लेक राहायला आले. मुलगा पियानो आणि पेट्या दुरुस्त करायचा, म्हणून वस्तीनं त्याचं नाव ठेवलं सूरवाले. पहिल्याच दिवशी माझी बिजागरी कुरकुरली तसे ते थांबले, कान जवळ आणला, आणि मला पुन्हा पुन्हा उघडून मिटून ऐकत राहिले. माझ्या कुरकुरीचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं!

त्यांच्या वडिलांना, म्हणजे आजोबांना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चाला, आणि रोज थोडं जास्त चाला. घरापुढच्या रस्त्यावर मालट्रक धावायचे. चालण्यासारखी सपाट, शांत जागा म्हणजे ही पायवाटच. सुरुवातीला आजोबा जेमतेम माझ्यापर्यंत यायचे, माझी वरची फळी धरून दम खायचे आणि परत फिरायचे. पुढे ते मला ओलांडून जाऊ लागले. "अजून थोडं, बाबा," असा सूरवाल्यांचा आवाज दर दिवशी जरा लांबून ऐकू यायचा. एक दिवस ते कुरणाच्या टोकाच्या मोठ्या झाडाला हात लावून आले. काय हसत होते म्हणून सांगू!

शेतातली फाटकं लावून घ्यावीत, असं सूरवाल्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते मला न चुकता लावायचे आणि नीट लागलं ना म्हणून ओढूनही बघायचे.

एका कडक उन्हाच्या दिवशी मालकांनी मला उघडून आकड्यात अडकवलं आणि ते गुरांच्या बाजाराला गेले. गुरं लांब झाडाखाली बसली होती. थोड्या वेळानं सूरवाले एकटेच आले. मला उघडं बघून ते चरकले. "काय बेफिकीर माणसं असतात!" असं म्हणत त्यांनी मला आकड्यातून सोडवलं, कडी घातली, वर तार गुंडाळली आणि समाधानानं निघून गेले. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

भर दुपारी गुरं आली. माझ्या फळ्यांमधून त्यांना तळं दिसत होतं. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. सगळ्यात पुढे तांबडी होती, गाभण. त्या रेट्यात ती माझ्या पायाशी पडली आणि उठू शकली नाही. संध्याकाळी मालक आले, गुरांचा डॉक्टर आला. तांबडी वाचली. तिच्या पोटातलं वासरू वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक फिरायला आले, तेव्हा मालक माझ्यापाशीच उभे होते.

"काल फाटक कुणी लावलं?"

"मी लावलं की!" सूरवाले खुशीत म्हणाले. "सताड उघडं टाकलं होतं कुणीतरी. म्हटलं, तुमची गुरं बाहेर जायची."

"टाकलं नव्हतं. पाण्यासाठी ठेवलं होतं मी." मालकांनी माझ्या पायाशी बोट दाखवलं. "तांबडीचं वासरू गेलं."

सूरवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, पण... मला कुणी सांगितलंच नाही."

"त्यात सांगायचं काय? इथं शेंबड्या पोरालाही कळतं."

त्याच दिवशी माझ्या गळ्यात साखळी आली, कुलूप आलं आणि 'वाट बंद' अशी पाटीही आली. मालकांनी घरातला जुना आंघोळीचा टब मोठ्या कुरणात आणून पाण्यानं भरला. मालकीणबाई पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "वासराचं मलाही लागलंय. पण तुम्हाला आकड्याचं तुमच्या वडिलांनी दाखवलं. त्यांना कोण दाखवणार होतं?"

"विचारायचं होतं त्यांनी."

"आणि तुम्ही रोज त्यांना हात करत जात होतात, तेव्हा सांगायचं होतं." मालकांनी तरीही कुलूप काढलं नाही.

सूरवाले शरमेनं वाटेवर येईनासे झाले. आजोबा एकदा रस्त्यानं चालायला गेले, तर मालट्रक इतका जवळून गेला की ते कडेला बसूनच राहिले, असं दोन बायका पाटी बघून मागे फिरता फिरता बोलल्या. पुढे ते कसे उठले, कुणी उठवलं, ते मला कळलं नाही. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

मग एका सकाळी आजोबा एकटे आले, काठी न घेता. चांगल्या हातात एक लहानशी बादली होती. तळ्यातून ती भरून ते माझ्याकडे निघाले. पाणी हिंदकळून निम्मं पायावर सांडत होतं. माझ्या फळ्यांपाशी त्यांनी बादली टेकवली, आणि तांबडीनं खालून मुस्कट घालून ते पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही आले. मला काही केल्या उलगडेना. पलीकडे टब तर काठोकाठ भरलेला!

मालकांनाही उलगडलं नसावं. एक दिवस ते कुंपणापाशी आले.

"काका, टब भरलाय. कशाला त्रास घेता?"

आजोबांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागायचा. "माहीत... आहे."

"मग?"

"रिकाम्या हातानं... कसं यायचं तुमच्याकडे? एवढं... नुकसान झालं तुमचं."

मालकांनी खिशातून किल्ली काढली. साखळी खाली पडली तेव्हा तिचा आवाज मला फार आवडला. "उद्या मुलालाही घेऊन या," ते म्हणाले. "दोघांना दाखवतो. चूक माझीही झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा दाखवला, कडी दाखवली, आणि मला उघडायचं काम आजोबांना दिलं. आजोबांनी अधू हातानं मला ढकललं. आकडा दोनदा निसटला. सूरवाले धावले, तर मालकांनी त्यांना दंड धरून थांबवलं. गुरंही थांबली. तिसऱ्यांदा आकडा बसला आणि तांबडी आजोबांना घासून पाण्यावर गेली. आता सूरवाले कुंपणापासून शेणापर्यंत प्रत्येक गोष्ट विचारून मालकांचं डोकं खातात. परवा मालकांनीही हळूच विचारलं, "पियानोच्या पोटात असतं तरी काय हो?"

मित्रांनो, रानात गेलात तर फाटक जसं दिसेल तसंच ठेवा. उघडं का आहे, बंद का आहे, हे कळलं नाही तर आधी विचारा. आणि तुम्ही तिथलेच असाल, तर नव्या माणसानं विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. दोन वाक्यांचं काम होतं. ती कुणी बोललं असतं, तर आज एक वासरू माझ्या फळीला अंग घासत उभं असतं.