चुकण्याचं काम

नवीन बाईंना शाळेत येऊन बरीच वर्षं झाली होती, पण कायम झाल्या नव्हत्या म्हणून त्या नवीनच. दर सुट्टीत नोकरी जायची, शाळा उघडली की परत मिळायची. घरी सासूबाईंनी जीव नकोसा केला होता. "कायम कधी होणार गं? का अशीच येऊन-जाऊन?"

यंदा मात्र संधी आली. तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर बाईंनी विज्ञानाचा पाठ घ्यायचा. पसंत पडला तर कायम, नाही तर रामराम. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी आदर्श सरांच्या वर्गात बसा. प्रेरणा घ्या."

आदर्श सरांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला होता. तेव्हापासून शाळेत ज्याचं काही अडलं, त्याला त्यांच्याकडे प्रेरणा घ्यायला धाडत. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई चहा ओतत म्हणाल्या, "जा, घेऊन ये प्रेरणा. आणि येताना खडू पण आण, इथले संपलेत."

बाई गेल्या आणि खरंच भारावल्या. सरांनी टेबलावर पाण्याचं घमेलं ठेवलं. लोखंडी खिळा टाकला, बुडाला. मग त्याहून जड अशी पोलादी वाटी उचलून विचारलं, "हिचं काय होईल?" तिसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली. "बुडेल सर. जड आहे ना." सरांनी वाटी सोडली. तरंगली! मुलगी ओशाळली. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि असल्या मऊ आवाजात म्हणाले, "चुकलीस म्हणून तर शिकलीस, बाळा." बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. याला म्हणतात शिक्षण, नाही तर आपण, नुसता घसा कोरडा करतो!

तास संपल्यावर बाई त्या मुलीची समजूत घालायला गेल्या. मुलगी डबा उघडत होती, चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही.

"वाईट नाही ना वाटलं?"

"कशाचं? पाहुणे आले की मीच चुकते. वाटी तरंगते हे मला कधीचं माहितीय, बाई. ती पोकळ आहे, जास्त पाणी बाजूला सारते. पण सर म्हणतात, माझा चेहरा चुकायला बरा पडतो."

आता बोला! बाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्याशा पोरीला चुकायला बसवून हा माणूस पुरस्कार मिरवतो? संतापाने त्यांचे कान तापले. तिथल्या तिथे त्या म्हणाल्या, "माझ्या तासाला तू खरं उत्तर द्यायचंस. शब्द देते."

मुलीचा घास हातातच राहिला. "खरंच? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तपासणीच्या दिवशी ती नव्या रिबिनी बांधून आली. मागच्या बाकांवर साहेब, शेजारी मुख्याध्यापक, आणि भिंतीला टेकून आदर्श सर, गालातल्या गालात हसत. बाईंनीही तोच प्रयोग मांडला आणि वाटी उचलून विचारलं. मुलगी ताडकन उठली आणि तिने एका दमात सांगितलं: तरंगेल, का तरंगेल, आणि तीच वाटी चेचून गोळा केली तर का बुडेल तेसुद्धा. हे शेवटचं तर बाईंनीही शिकवलं नव्हतं. बाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

साहेबांनी मात्र जांभई दिली. मुख्याध्यापकांकडे झुकून ते म्हणाले, पण वर्गभर ऐकू गेलं, "पढवून ठेवलेत हो पोपट. एकही मूल चुकत नाही म्हणजे काय?"

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. बाईंना सासूबाई आठवल्या, सुट्टी आठवली. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्याच कानांना परका वाटावा इतक्या मऊ आवाजात विचारलं, "नक्की का गं? नीट विचार कर हं. वाटी जड आहे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. शहाणी पोर ती, तिला लगेच कळलं. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, बाई. बुडेल."

बाईंनी वाटी पाण्यात सोडली. साहेब बाकावर सरसावून बसले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जे बोलायचं ते बोलल्या, आणि साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. आदर्श सरांच्या तर सगळ्यांत जोरात.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी हात जोडून अभिनंदन केलं. काम झालं होतं. बाहेर व्हरांड्यात मुलगी उभी होती, रिबिनी सोडून हातात गुंडाळलेल्या.

"बाई, तुम्ही झालात ना कायम?"

"हो गं."

"मग पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी चुकायला सांगाल?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला. मुलगी जराशी बाजूला सरकली.

"बघू," बाई म्हणाल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटायला गेल्या.