चौदा पानांचा खेळ

मित्रांनो, मी स्वतःला जुना म्हणवून घेतो याचं तुम्हाला हसू येईल, कारण माझं वय अवघं पाच वर्षांचं आहे. पण मी घरगुती संगणक आहे, आणि आम्हा संगणकांना म्हातारपण फार लवकर येतं. माझी रबरी बटणं झिजली आहेत. त्यातलं एक तर दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही.

माझी मालकीण प्रेमलताबाई. त्या नागपूरला प्रताप नगरात राहतात आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचा धाकटा भाऊ कृष्णकांत जहाजावर नोकरीला होता. त्याने १९८४ साली मला सिंगापूरहून आणलं. सोबत एका खेळाची कॅसेट होती. चेंडूने भिंतीच्या विटा फोडायच्या, एवढाच तो खेळ. टीव्ही आणि टेपरेकॉर्डर मला जोडला की मी तयार!

पण बाईंना विटा फोडण्यात गोडी वाटेना. त्यांनी दहा महिने खपून स्वतःचाच एक खेळ रचला. एक वैद्य, एक सुतार, एक शाहीर आणि एक गुराखीण असे चार वाटसरू रानातून दूरच्या किल्ल्याकडे निघतात. खेळणाऱ्याने त्यांच्यापैकी एक व्हायचं. प्रत्येकाची ताकद वेगळी, भूक वेगळी, अंगचा गुण वेगळा. मजकूर मराठी, पण अक्षरं इंग्रजी, कारण मला दुसरी अक्षरं येत नव्हती. खेळाचे नियम चौदा पानं भरले. मला मात्र अभिमान वाटला. माझ्या एवढ्याशा डोक्यात आख्खं रान मावलं होतं!

८६च्या जानेवारीत शाळेचं प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिका कुसुमताई बाईंना म्हणाल्या, "दोन दिवसांत मुलींना खरी गोडी लागलेली दिसली, तर वरची खोली संगणकाच्या वर्गाला देते. नाहीतर तिथे शिवणयंत्रं ठेवायची आहेत."

पहिल्या दिवशी बाईंनी आपला खेळ लावला. तो कॅसेटवरून माझ्यात उतरायला सात मिनिटं लागत. तेवढ्यात निम्म्या मुली निघून गेल्या. उरलेल्यांच्या हातात बाईंनी चौदा पानं दिली, तशा त्याही गेल्या. सुटीवर आलेल्या कृष्णकांतने मग विटांची कॅसेट घातली. थोड्याच वेळात रांग जिन्यापर्यंत पोचली.

"ताई, चौदा पानं वाचून कोण खेळते वं?" तो म्हणाला. "लोकांना बटण दाबलं की मजा पाहिजे."

"सगळंच सोपं केलं, तर डोकं कधी चालवायचं?" बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यातच कुसुमताई रांग बघून म्हणाल्या, "ही तर करमणूक झाली. हिच्यासाठी वर्ग कशाला?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी हट्टाने पुन्हा आपलाच खेळ लावला. आठवीतली गोपिका आणि तिच्या दोन मैत्रिणी केवळ बाईंचं मन राखायला बसल्या. दोनदा वाघावर धावून गेल्या, दोनदा वाघाने त्यांना खाल्लं. शाळेच्या शिपाई सुभद्राबाई तिथे झाडत होत्या. त्या नरखेडकडच्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. झाडू टेकवून त्या म्हणाल्या, "पोरी, काय लिवलं हाय वं? मोठ्यानं वाच."

गोपिकाने वाचलं, "चार वाटसरू रानात आहेत. पाणी संपलं आहे. पुढे वाघ आहे. काय कराल?"

"मंग वाघाच्या मांगं काहून लागता? आधी पाणी पाहा. त्या गुराखिणीले पुढं करा, तिले रान ठाऊक राहते. अन् पाखरं कुठं उतरून राहिली, ते विचारा त्या मशीनले."

बाई एकदम ताठ बसल्या. गुराखीण पाखरांवरून पाणी शोधते, हा नियम अकराव्या पानावर होता. तो आजवर कुणीच वाचला नव्हता. गोपिकाने भीतभीत 'पाखरं' असं टंकलं, आणि मी पडद्यावर ओळ उमटवली : टेकडीमागे झरा आहे.

मुलींनी असा काही गलका केला की शेजारच्या वर्गातली माणसं धावत आली. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी भांडून ठरवायचं, एकीने वहीत नकाशा काढायचा, असं सुरू झालं. दुपारपर्यंत तिथे तीस मुली होत्या. पुढे नदीत त्यांचा शाहीर वाहून गेला, तेव्हा सगळ्या हळहळल्या. प्रदर्शन बंद करायला आलेल्या कुसुमताई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण सुतार आहे ना? त्याला नाव बांधायला सांगा!"

खोली मिळाली. शिवणयंत्रं व्हरांड्यात गेली. बाईंनी चौदा पानं कपाटात ठेवली आणि खेळाच्या सुरुवातीला एकच प्रश्न घातला : तुम्हाला कोण व्हायचं आहे? विटांचा खेळही वर्गात राहिला. मधल्या सुटीत दार लोटून बाई तो खेळत, आणि खरं सांगतो, चांगल्या खेळत.

मग एका मे महिन्यात घात झाला. बाईंच्या हातून त्यांच्या खेळाची कॅसेट खिडकीत राहिली. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. फीत वाकडी झाली. मी पुन्हापुन्हा प्रयत्न केला, पण मला नुसती खरखर ऐकू आली. दुसरी प्रत नव्हती, आणि कपाटातल्या चौदा पानांत नुसते नियम होते, रान नव्हतं. विटांचा खेळ बाजारात मिळाला असता. हा कुठून आणणार? बाई दोन दिवस माझ्याकडे फिरकल्या नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गोपिकाने सगळ्यांच्या वह्या गोळा करून आणल्या. नकाशे, आकडे, कुठे कोण भेटतं, कुणाला काय विचारायचं, सारं त्यांत होतं. "बाई, तुम्ही फक्त टंका. आम्ही सांगतो," ती म्हणाली. सुभद्राबाई मध्येच बजावत, "तिथं बाभूळ नाही, मोसंबीचं झाड लावा." दिवाळीपर्यंत खेळ पुन्हा उभा राहिला. या खेपेला त्याच्या तीन प्रती काढल्या.

आता शाळेत नवे, झपाट्याने चालणारे संगणक आले आहेत. माझी बटणं गोपिका कधीमधी कापसाने पुसून जाते. माझी तक्रार नाही. एवढंच मागतो, मित्रांनो : तुमच्या घरी कुणी असंच काही अवघड बनवत बसलं असेल, तर कळत नाही म्हणून उठून जाऊ नका. जरा वेळ बसा, मोठ्याने वाचा, काहीतरी विचारा. आणि कृपा करून कॅसेट उन्हात ठेवू नका.