काळोखाचा शनिवार

खगोलप्रेमी मंडळाची सभा महिन्यातल्या सगळ्यात काळोख्या शनिवारी भरायची. का, तर व्याख्यान संपलं की सगळ्यांनी गच्चीवर जाऊन तारे बघायचे. पुढे गावात इतके दिवे झाले की गच्चीवरून समोरच्या बँकेची पाटी तेवढी दिसायची. गच्चीला कुलूप लागलं, पण शनिवार काही हलला नाही. "परंपरा आहे, ताई," असं अध्यक्ष चिटणीसबाईंना म्हणायचे. त्यांचं काय जातंय! त्यांना पहिल्या रांगेत बसून डुलक्या तर काढायच्या असत.

जीव जायचा तो चिटणीसबाईंचा. वक्ता गाठा, सभागृहाची किल्ली आणा, खुर्च्या मांडा, चहाचं बघा. आठवडाभर पोस्टाची खिडकी, सुट्टी फक्त रविवारी, म्हणजे कुठे मुक्कामाला जायचं तर शनिवारच. आणि तारे दिसतील असा प्रत्येक शनिवार मंडळाने गिळलेला. ताऱ्यांच्या मंडळाची चिटणीस, आणि वर्षानुवर्षं धड आकाश बघितलेलं नाही!

स्वतःचं बाईंनी सोडून दिलं असतं, पण यजमानांचं काय? ते बस चालवायचे. रात्रीचं कमी दिसू लागलं म्हणून नोकरी सोडावी लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अंधारातलं आधी जाईल. काय दाखवायचं ते दाखवून घ्या." यजमानांना एकदा आकाशगंगा बघायची होती. बाईंच्या धाकट्या बहिणीचं घर टेकडीपलीकडे होतं, तिथे रस्त्यावर दिवासुद्धा नव्हता. एक काळोखा शनिवार हवा होता, बस्स.

राजीनामा बाई दरवर्षी द्यायच्या. पण तो पडायचा 'आयत्या वेळच्या विषयां'त, आणि चहा त्याच्या आधी. चहा पोटात गेला की मंडळी पसार. मग ऐकायला उरायचे एकटे यजमान, तेही खुर्च्या रचत, आणि ते सभासद नव्हते.

या वर्षी बाईंनी डोकं चालवलं. राजीनामा व्याख्यानाच्या आधीच ठेवला. मंडळातल्या दाताच्या डॉक्टरांना चिटणीस व्हायला राजीही करून ठेवलं. सभागृह भरलं, बाई उभ्या राहिल्या. "मंडळी, आजपासून मी—"

"ताई," मागून वक्ते म्हणाले, "पडदा निळाच दिसतोय."

सवयीचा हात! बाईंनी पर्समधून दुसरी पिन काढली, प्रोजेक्टरच्या वायरला जोडली, आणि पडद्यावर शनी त्याच्या कड्यांसकट झळकला. टाळ्याच टाळ्या.

"बघा! ताईंशिवाय पान हलत नाही," अध्यक्ष म्हणाले.

दाताचे डॉक्टर खाकरले. "मी तयार आहे हो. पण ताई सोबत हव्यात. नाव माझं, बाकी सगळं त्या बघतील."

बाईंचं डोकंच फिरलं. "अहो, मला सुटायचंय यातून! माणसाची भाषा कळते का तुम्हाला?"

अध्यक्ष पुरते जागे झाले. "बरं, ताईंचा एवढा आग्रह असेल तर..." असं म्हणत त्यांनी हात वर करायला घेतला.

"ती कुठेही जात नाही," शेवटच्या रांगेतून आवाज आला. यजमान! "रागावलीय, एवढंच. पुढच्या वर्षीही तीच."

हुश्श करून सगळे हसले. दिवे मालवले गेले. बाई प्रोजेक्टरपाशी बसून वक्त्यांच्या खुणेसरशी एकेक चित्र पुढे सरकवत राहिल्या. उठून जावं असं हजारदा वाटलं, पण चित्रं कोण सरकवणार?

सभा पांगल्यावर त्या यजमानांवर तुटून पडल्या. "का बोललात? हात वर जात होता त्यांचा! कुणासाठी सोडत होते मी हे सगळं?"

यजमानांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "मला तारे दिसत नाहीत अगं. गेल्या थंडीपासून एकही नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो, तेव्हाच, सभेच्या शनिवारी. तू वक्त्यांना आणायला स्टेशनवर गेली होतीस. मग राहिलंच ते."

बाईंनी रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढून घेतली.

"आता घरी राहून काय करशील तू?" यजमान म्हणाले. "माझ्या डोळ्यांकडे बघत बसशील. मी अडकलोय तो अडकलोय, दोघांनी कशाला अडकायचं?"

"मला तुमच्याबरोबरच अडकायचं होतं हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

एवढ्यात दारातून दाताच्या डॉक्टरांनी डोकं आत घातलं. "ताई, निघतो. पुढच्या महिन्याला कोण आहे?"

"धूमकेतूवाले सर," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "बोलून ठेवलंय मी."