धाकटीचे सेट

माझ्या धाकट्या जावेला हॉस्पिटलात मीच चिकटवली, आणि आता तीच माझ्या डोक्यावर मिरे वाटायला बसली होती. आमच्या खोलीत ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजायची, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालायची. ज्याने सेट बांधला त्याने वरच्या पट्टीवर आपली खूण करायची. माझी फुली, तिचा गोल. खोलीच्या मुकादमबाई आता निवृत्त होणार होत्या आणि ती जागा मला हवी होती. माझ्याइतकं जुनं तिथे दुसरं होतंच कोण?

त्यातच एके दिवशी घरी भांडी घासता घासता धाकटी थबकली.

"ताई, आज एका सेटमधली कात्री मी परत पुसायला काढली होती. पुन्हा ठेवली का, आठवत नाही."

"ठेवली असशील गं. गप बस."

"कुठल्या सेटमधली, तेही आठवत नाही."

तिने ओल्या हातांनीच आमच्या खोलीवर देखरेख करणाऱ्या सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, माझ्या आजच्या एकाही सेटला कुणाला हात लावू देऊ नका. मी येते, सगळे उघडते." सिस्टरचा आरडाओरडा मला मोरीपर्यंत ऐकू आला. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. बरं झालं, म्हटलं, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

कात्री खरंच एका सेटमध्ये नव्हती, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली सापडली. सगळे सेट पुन्हा यंत्रात गेले आणि सकाळची ऑपरेशनं खोळंबली. डॉक्टर तिच्यावर तुटून पडले. ही आपली समोर उभी. "चूक माझीच आहे." ना रडणं, ना सबबी. आणि दुपारपासून नर्सा येऊन विचारायला लागल्या, "गोलाचा सेट आहे का हो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक हिने केली आणि भावही हिचाच वधारला! मी तर इतक्या वर्षांत एक चूक केली नाही. निदान कुणाला सांगितली तरी नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. सिस्टरनी कपाट उघडलं. "मिस्टरांचा सेट तुम्हीच काढून द्या."

मी माझ्या फुलीवर हात ठेवला. तो सेट मी धाकटीवर धुसफुसत बांधला होता. चिमटे मोजले होते, की नुसते मोजल्यासारखे केले होते? काही केल्या आठवेना. शेवटी मी शेजारचा, गोलाचा सेट काढून दिला आणि खाली बघत राहिले.

सिस्टरनी पट्टीवरचा गोल निरखून बघितला. मग म्हणाल्या, "मुकादम म्हणून तुमचं नाव देणार होते मी. आता कुणाचं देऊ?"

सख्ख्या बहिणीचं नाव असतं तरी माझ्या तोंडातून सुखाने निघालं नसतं, ही तर जाऊ.

"तिचंच द्या," मी म्हणाले. "आणि तो माझा सेट इकडे द्या. उघडून मोजायचाय."