ती यायला तयार आहे का?

“आली का हो महादूची बायको?” खतीजाने डब्याचं झाकण उघडता उघडता विचारलं.

“नाय अजून. लंडनने परत लिहिलंय, सहानुभूतीने विचार व्हावा म्हणून.”

“मग ते काय म्हणतात?”

“ते दिलगीर आहेत,” आत्माराम म्हणाला.

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या ऑफिसात आत्माराम जुनी पत्रं वाचून टाइप करायचा. काम परदेशातल्या एका ग्रंथालयाचं. छापील कागद मशीन वाचायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनांचं वळणदार हस्ताक्षर मात्र माणसालाच वाचावं लागे. सध्याचा गठ्ठा होता लंडनचं साम्राज्य सरकार आणि समुद्रापारचं एक डोमिनियन यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा. डोमिनियन साम्राज्यातलंच, पण घरचा कारभार त्याचा त्याने पाहायचा. देशात कुणाला घ्यायचं, हेही त्यानेच ठरवायचं. त्यामुळे लंडन हुकूम सोडत नसे, सुचवत असे. आणि डोमिनियन नकार देत नसे, खेद व्यक्त करत असे.

त्या खेदात महादू नावाचा एक मजूर अडकला होता. तिथल्या लाकडाच्या गिरणीत कामाला. बायकोला कोकणातून आणू द्या, एवढंच त्याचं मागणं. एकाला परवानगी दिली तर सगळेच मागतील, असं डोमिनियनचं म्हणणं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’.

“एवढं गोड लिहून नायच म्हणतात मेले!” खतीजा चिडायची. ती दापोलीची, स्कॅनिंगला होती. महादू आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो अशा काळजीने ती जेवताना त्याची चौकशी करायची.

एका गुरुवारी आत्माराम आपणहून तिच्या टेबलापाशी गेला.

“परमिशन मिळाली. खास बाब म्हणून.”

“अल्हम्दुलिल्ला! मग? बसली बोटीत?”

“थांब, एक कागद राहिलाय.”

शेवटचा कागद जेमतेम चार ओळींचा होता. कोकणातल्या जिल्ह्याच्या साहेबाने वर कळवलं होतं : सदर स्त्रीस विचारले असता ती जाण्यास तयार नाही असे सांगते. खाली शेरा : प्रकरण बंद.

“खलास?” खतीजा स्क्रीनकडे बघत राहिली. “एवढी वर्षं भांडले, आणि ही नाय म्हणते? का?”

“ते कुणी लिहिलेलं नाय. नावसुद्धा नाय तिचं. सगळीकडे नुसतं ‘पत्नी’.”

“म्हणजे तिला पयल्यांदा विचारलं ते असं शेवटी.” खतीजा खुर्चीत मागे टेकली. मग सहज म्हणावं तसं म्हणाली, “तुम्ही वहिनींना कधी विचारलंत, भाऊ?”

आत्माराम आपल्या टेबलाशी परत गेला.

संध्याकाळी शारजाची बस नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये रखडली. बायकोला, नर्मदाला, इकडे आणायचं तर आधी पगार फॅमिली व्हिसात बसत नव्हता. मग मुलीची, काव्याची, शाळा निघाली, मग आईचं अंथरूण. आई गेली, काव्या लग्न होऊन चिपळूणला गेली, पगारही कधीचा वाढला. आत्माराम मात्र अल नहदातल्या त्याच फ्लॅटमध्ये, इतर चौघांबरोबर राहत होता. दर सुट्टीच्या शेवटी नर्मदा त्याला विमानतळावर निरोप द्यायला यायची आणि काही विचारायची नाही. तिचं बरं चाललंय, असं त्याने धरून टाकलं होतं.

बसमधूनच त्याने फोन लावला.

“नर्मदा, इकडे येशील?”

“का? बरं नाय काय तुम्हाला?”

“बरा आहे मी. असंच. राहायला.”

पलीकडे पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

“काव्या लहान होती तेव्हा बॅग भरून ठेवली होती मी,” नर्मदा म्हणाली. “तिची दोन फ्रॉकं, माझ्या साड्या. तुम्ही म्हणाल तेव्हा निघायचं म्हणून. मग फ्रॉकं तिला लहान झाली.”

“सांगितलं नाहीस कधी.”

“तुम्ही विचारलंत कुठे?” तिच्या आवाजात राग नव्हता. “आता शाळेतल्या पोरांचा आहार मी शिजवते. मी नसले तर चूल पेटत नाय तिथली. मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा येते. उघडायच्या आधी परत.”

“मे महिन्यात भाजून निघशील इथे.”

“मी चुलीपुढे उभी असते.”

ती आली. आत्मारामने त्याच भागात एक छोटी स्टुडिओ खोली घेतली. ऑफिसातून आल्यावर दार आतून उघडतं, हे त्याला नवं होतं. पहिले काही दिवस तो किल्ली हातात धरून दाराशी तसाच उभा राही. रात्री ती शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांच्या गोष्टी सांगे. आपल्या बायकोला सगळा गाव ‘नर्मदाताई’ म्हणतो, हे त्याला तेव्हा कळलं.

“राहा ना अजून,” तो एकदा म्हणाला. “व्हिसा वाढवता येतो.”

“शाळा उघडते,” ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

विमानतळावर तिने पासपोर्ट स्वतःच्या हातात ठेवला. “दिवाळीत या. आलात की पुढचं बोलू,” असं म्हणून ती आत गेली. एका बाईला रांग कुठली ते विचारलं, पदर खोचला आणि पुढे सरकली.

आजवर आत जाणारा आत्मारामच असायचा. आत जाणाऱ्याला रांग असते, पाटी असते, कुणीतरी बोट दाखवून पुढे पाठवतं. बाहेर राहिलेल्या माणसाने त्यानंतर काय करायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. तो काचेपर्यंत गेला. तिची हिरवी साडी गर्दीत एकदा दिसली, मग दिसेनाशी झाली, तरी तो तिथेच उभा राहिला.