नितळ पेला

टेबलाच्या कडेला ठेवलेल्या एका पेल्यात अजून कुणीच फुंकर मारली नव्हती, तरी त्यातल्या पाण्यावर पांढरा पापुद्रा धरला होता. कांद्याच्या सालीखालच्या पडद्याइतका पातळ. मान तिरकी केली तरच दिसायचा. बाकी कुणी तिकडे पाहत नव्हतं. जेवणाची सुट्टी होती, मशिनी बंद होत्या आणि शिवणखान्यातल्या साऱ्या बायका हाडवाचकाच्या हातातल्या काचेच्या नळीकडे टक लावून उभ्या होत्या.

हे नाव त्याचं त्यानेच घेतलेलं.

"फुंका, मावशी. हाडं खोटं बोलत नाहीत."

बटणं लावणाऱ्या मावशींनी गाल फुगवले. पाण्यात बुडबुडे आले, ते गढुळलं, मग दुधासारखं पांढरं झालं.

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं.

"हा तुमच्या हाडांतला चुना." त्याचा आवाज इतका हलका होता की बायका पुढे झुकल्या. "पाळी गेली की चुना विरघळायला लागतो आणि श्वासावाटे निघून जातो. झोपेत जास्त. एक दिवस आत उरते ती अशी पोकळ नळी." त्याने नळी टेबलावर टक्‌टक् वाजवली.

"मग खायचं काय, दादा?"

"काय खायचं नाही ते विचारा. दूध, दही, अंडी बंद. बाहेरून पांढरं मिळालं की हाड आळशी होतं, आतलं सोडून देतं. डाळी, पालेभाज्या जड. ऊन हाड वाळवतं. सावलीत बसा, चालणं कमी करा. दोन वेळा पातळ सूप आणि माझी पुडी."

मला इथे आणलं होतं ताईने. ती कापणी विभागाची प्रमुख. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. "तू दिवसभर काचेच्या नळ्यांशीच खेळतेस ना? मग ये आणि डोळ्यांनी बघ," असं म्हणाली होती. गेल्या वर्षी साधा तोल गेला आणि तिचं मनगट मोडलं. हाडांची तपासणी करून घ्या, असं डॉक्टरीणबाई तेव्हापासून सांगत होत्या. ताईचं एकच उत्तर, "हा माल जाऊ दे, मग बघू." आमची आई ताईच्याच वयाची असताना खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. तिला उचलून कुशीवर वळवायची ती ताई.

खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती. काजं करणारीची. सोमवारी कापडाचा गठ्ठा उचलायला ती वाकली. ओरडलीही नाही. नुसती खाली बसली आणि पुन्हा सरळ झाली नाही. पाठीचा मणका दबला होता.

"पण मागच्या खेपेला पुडी घेतल्यावर तिचा पेला तर नितळ आला होता," मावशी चाचरत म्हणाल्या.

हाडवाचकाने डोळे मिटले. "चोरून दूध प्यायली असेल."

बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, दही. कुणी म्हणालं, हिच्या डब्यात अंडं मी पाहिलंय.

"जिभेवर ताबा नव्हताच तिचा," ताई म्हणाली.

ही तीच ताई, जिने त्या सोमवारी काजवालीच्या डोक्याखाली स्वतःचा हात ठेवला होता.

मग ताईचा नंबर लागला. मागच्या खेपेला दिलेली पुडी तिने खाऊन संपवली होती. त्याने टेबलाखालून दुसरी सुरई काढून पेला भरला. ताई फुंकत राहिली, पाणी नितळच राहिलं. टाळ्या पडल्या. ताईचा चेहरा असा मोकळा झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"बघितलंस? आता कसली तपासणी!"

तिच्याकडून मी काय हिरावून घेणार आहे ते मला कळत होतं. तरी मी पुढे झाले.

"आधीच्या सुरईतला एक पेला द्या मला."

"तुम्हाला कशाला? तुमचं वय नाही अजून."

"मला फुंकायचं नाही."

कँटीनमधून सोड्याची बाटली आणली. उघडली, तोंडावर मूठ आवळून नळी धरली, बाटली हलवली आणि नळीचं दुसरं टोक पेल्यात सोडलं. पाणी पांढरं झालं.

"या बाटलीची पाळी कधी गेली?" मी विचारलं.

मावशी फिस्सकन हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

"यंत्राचा वायू वेगळा, जिवंत श्वास वेगळा," हाडवाचक म्हणाला.

"मग मावशी, तुम्ही ताईच्या सुरईतल्या पाण्यात फुंका."

मावशींनी फुंकलं. पाणी नितळ.

"अहो, मी तर पुडी अजून तोंडात घातली नाही! एका जेवणाच्या सुट्टीत बरी झाले की काय?"

"पहिल्या सुरईत चुन्याची निवळी आहे," मी सांगितलं. "शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग. माणसाच्या श्वासात जो वायू असतो तोच सोड्यात असतो. तो मिसळला की निवळी पांढरी होते. तान्ह्या बाळाने फुंकली तरी होईल. त्या पेल्यावर तर हवेनेच पापुद्रा धरलाय. दुसऱ्या सुरईत साधं पाणी आहे. पुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही."

त्याने शांतपणे सुरया पिशवीत भरल्या. दाराशी थांबून म्हणाला, "हाडं मोडायला लागली की माझी आठवण येईल."

तो गेला, पण भीती सोबत घेऊन गेला नाही.

"म्हणजे आमची हाडं ठीक आहेत ना?" एकीने विचारलं.

"ते फुंकरीवरून मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. पाळी गेल्यावर हाड खरंच झपाट्याने विरळ होतं, तेवढं त्याचं खरं होतं. म्हणूनच बाकीचं तुम्हाला पटलं. हाडाला जे हवं, नेमकं तेच त्याने बंद केलं. दूध-दही, डाळी, पालेभाजी, अंडी, तीळ, जे सोसेल आणि परवडेल ते खा. उन्हात चाला. नुसतं खाऊन हाड मोडणारच नाही असं मी म्हणत नाही. कुणाला औषध लागेल, कुणाला नाही. ते तपासल्यावरच कळतं. आणि काजवालीने काही चोरून खाल्लं नव्हतं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं."

ताई त्या नितळ पेल्याकडे पाहत होती.

"एवढा तरी राहू द्यायचा होतास मला," ती म्हणाली.

घंटा झाली. मशिनी सुरू झाल्या. ताई कापणीच्या टेबलाशी गेली, खालचा तागा उचलायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. हात काढून घेतला. मग मशिनींच्या वर आवाज चढवून म्हणाली,

"हा दोघींनी उचला गं! आणि उद्या मी येणार नाही. हाडांची तपासणी करून घ्यायला चाललेय."