टोपीवाल्याच्या भिंतीवर पडलेला घाव

मित्रांनो, मी एक मुसळ आहे. वय लपवणार नाही. माझे एक टोक झिजले आहे, दुसरे वाळवीने चाखून सोडून दिले आहे. बहुधा कडू लागलो असेन!

तेलमाडांच्या मुलखात, इग्बो लोकांच्या एका गावात मला तासले. मी एकेन्माच्या आईचे मुसळ. आई गेली तेव्हा एकेन्मा पोरसवदा होती. पाठीला धाकटा भाऊ ओनुओहा बांधायचा आणि मला उचलायचे, असे तिचे दिवस गेले. ती पुढे सासरी गेली, विधवा झाली आणि माहेरी परतली. तिथले बायकांचे पंचमंडळ तिच्या शब्दावर चालू लागले. तिच्या हातात राहिलो याचा मला आजही गर्व आहे.

आमच्याकडे कोनफळ पुरुषांचे आणि कसावा बायकांचा. कोनफळांची कोठारे रिकामी झाली की नवे पीक येईपर्यंत पोरांची पोटे कसाव्याच्या कंदांवरच भरतात. पण ओनुओहाला गोऱ्या सरकारने मुखियाची टोपी दिली आणि टोपीबरोबर त्याचे डोकेही फिरले. त्याने गुरे मोकळी सोडली. गुरांनी बायकांची शेते तुडवली, कंद उकरून टाकले. बायका गाऱ्हाणे घेऊन गेल्या तर तो हसून म्हणाला, “कसावा म्हणजे काय पीक आहे होय? बायकांचं तण आहे ते!”

मग तेलमाडाची कोवळी पात एका घरातून दुसऱ्या घरी गेली. ती पात आली की बाईने हातातले काम टाकून निघायचे, ही रीत. अन्याय करणाऱ्याच्या अंगणात सगळ्याजणी ठाण मांडतात, त्याच्या चुका गाण्यात गुंफून गातात आणि मुसळांनी त्याची भिंत ठोकतात. याला आम्ही ‘माणसावर बसणे’ म्हणतो. बसलेल्या बाया माफी मिळाल्याशिवाय उठत नाहीत.

ओनुओहा दार लावून आत बसला. बाहेर सगळे अंगण भरले होते. पण गाणी थंड पडली होती आणि मुसळे नुसतीच हातात होती. सख्ख्या बहिणीने पहिला घाव घातल्याशिवाय कोणाचा हात उठणार नव्हता. आज हात उठला नाही तर उरलेली शेतेही जाणार, हे प्रत्येकीला ठाऊक होते. एकेन्माच्या तळव्याला घाम सुटला होता. मला तो कळत होता.

आतून आवाज आला, “ताई, तू आहेस ना बाहेर? मग मला कसली भीती! ने या बायांना घरी. आपल्या माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का?”

“मी आहे म्हणून नुसती भिंत ठोकणार,” एकेन्मा म्हणाली. “मी नसते तर यांनी छप्परच उतरवलं असतं.”

“ताई, अगं तूच मला वाढवलंस!”

“म्हणूनच पहिला घाव माझा.”

एवढ्यात दार उघडले. ओनुओहाची धाकटी बायको उगोये बाहेर आली, हातात स्वतःचे मुसळ घेऊन. “वन्सं, सरका थोड्या,” ती म्हणाली. “माझंही शेत याच गुरांनी खाल्लंय. आजपासून यांना जेवायला टोपीच शिजवून घालते.”

अंगणात हशा पिकला. एकेन्माने मला वर उचलले. तिचे डोळे भरले होते, पण तिने नेम धरला. मी भिंतीवर आदळलो आणि माझ्यामागून साऱ्या गावाची मुसळे आदळली. मित्रांनो, आयुष्यभर मी कंद कुटले, पण त्या दिवशी मला माझी ताकद कळली.

दोन दिवस उपाशी राहून ओनुओहा बाहेर आला, उघड्या डोक्याने. सगळ्यांसमोर म्हणाला, “चुकलो.” गुरे बांधली गेली आणि ज्यांची शेते गेली त्यांना त्याच्या कोठारातली कोनफळे मिळाली. त्या संध्याकाळी एकेन्माने मला घेऊन कसावा कुटला आणि पहिला घास भावालाच वाढला. तो रडत रडत जेवला.

काही वर्षे लेकीसुना मला हात लावून जायच्या. नंतर बाजारात दळायचे यंत्र आले आणि मी शेळ्यांच्या गोठ्यामागे पडलो. वाळवीशी ओळख झाली ती तिथेच. हल्ली एकेन्माच्या नातीने मला उचलून, पुसून आपल्या चुलीपाशी ठेवले आहे. कधीमधी कुटतेही.

गावातल्या रस्त्याला मुखिया ओनुओहाचे नाव आहे. एकेन्माचे नाव कुठल्याच पाटीवर नाही. तुमच्याही घरात एखादे जुने मुसळ, पाटा किंवा जाते धूळ खात पडले असेल. त्याला फेकण्याआधी ते कोणाच्या हातात होते, एवढे विचारा. आणि इतिहास टोपीवाल्यांनीच घडवला असे कोणी सांगितले, तर त्याला आमच्या गावात पाठवा. रस्ता ओनुओहाचा आहे, पण त्या रस्त्यावर आजही एकही जनावर मोकळे फिरत नाही.